डबा आधी कशाचा होता?

ताक पितळेच्या भांड्यात ठेवले तर काय होते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. ताक कळकते. हिरवट दिसू लागते. तोंडात घेतले तर चव विचित्र लागते, आणि पोटात गेले तर मळमळ सुटते. कळकलेले ताक म्हातारी माणसे सरळ ओतून देत. नासाडी झाली म्हणून हळहळत, पण पीत नसत.

आता ताक कळकते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. पितळ हा एकच एक धातू नव्हे. तांबे आणि जस्त मिळून पितळ होते. ताक असते आंबट. आंबट पदार्थ तांब्याला हळूहळू खातो. खाल्लेले तांबे ताकात उतरते. ते ताक आपण प्यालो की तांबे आपल्या पोटात जाते. मग ओकाऱ्या आणि पोटात कळा.

यावर आपल्या लोकांनी उपाय काढला होता. तो म्हणजे कल्हई. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. कल्हईवाला गावात येई, देवळापुढे खड्डा करून भट्टी पेटवी. भाता चाले. भांडे तापले की त्यात नवसागर टाकी, वर कथील फिरवी आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसून काढी. पांढरा धूर निघे. पोरे नाक धरून बघत उभी राहत. काळेकुट्ट पातेले आतून चांदीसारखे लखलखीत होई. कथलाला आंबट लवकर खात नाही, म्हणून कल्हईच्या भांड्यात आमटी कळकत नाही. अलीकडे पितळेची भांडी पुन्हा हौसेने घेतात. घ्यावीत. पण कल्हई करूनच त्यात आंबट शिजवावे. आणि कल्हईच्या कथलात शिसे मिसळलेले नाही ना, हे कल्हईवाल्याला विचारून घ्यावे. शिसे कथलापेक्षा स्वस्त असते, म्हणून कुणी ते मिसळतो. शिसे हे विष आहे.

जस्ती बादलीचेही असेच आहे. पाणी भरायला ती चांगली. पण लग्नाच्या घाईत कुणी तिच्यातच लिंबाचे सरबत कालवतो. दोन-चार तास सरबत तसेच राहते. लिंबू जस्ताला खाते, जस्त सरबतात उतरते, आणि मांडवात ओकाऱ्या सुरू होतात. लोक म्हणतात, पाणी बाधले. पाणी नव्हे हो, बादली बाधली.

म्हणजे जेवताना आपण थोडेसे भांडेही जेवत असतो. भांडे चांगले असले तर त्यात वाईट काही नाही. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडे लोखंड भाजीत उतरते. ते अंगी लागते, रक्ताला उपयोगी पडते. पण भांडे वाईट असले तर तेही अंगी लागतेच.

भांडे अन्नात केव्हा जास्त उतरते? अन्न आंबट असले म्हणजे. खारट असले म्हणजे. तेलकट असले म्हणजे. गरम असले म्हणजे. आणि फार दिवस एकाच जागी राहिले म्हणजे. लोणच्याचेच बघा ना. ते आंबट आहे, खारट आहे, त्यात तेल आहे, आणि ते वर्षभर मुरते. म्हणून आपल्या आज्या-पणज्या लोणचे चिनी मातीच्या बरणीत घालीत. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हते, पण लोणचे कशात टिकते ते ठाऊक होते.

आता घरातली भांडी बदलली. पितळ गेले, स्टील आले. ते चांगलेच झाले. स्टील सहसा अन्नात उतरत नाही. पण स्टीलबरोबर दुसरेही पुष्कळ आले. प्लॅस्टिकचे डबे, पिशव्या, कागदी कप, थर्माकोलच्या वाट्या, रद्दीच्या पुड्या. हे विकत घ्यावेही लागत नाही. वस्तूबरोबर फुकट घरात येते, आणि फुकटचे म्हणून फेकवत नाही. आपल्या माणसाला डबा फेकणे जिवावर येते. आम्ही हे थट्टेने म्हणत नाही. काटकसर हा गुणच आहे. पण कोणता डबा ठेवावा आणि कोणता ठेवू नये, हे आता शिकून घेतले पाहिजे.

आधी रद्दीचे बोलू. बाजारच्या दिवशी आपण गरम भजी घेतो. दुकानदार ती वर्तमानपत्राच्या कागदात बांधून देतो. घरी येईपर्यंत कागद तेलाने चिंब होतो. भजी उचलली तर कधी कधी तिच्यावर उलटी अक्षरे उमटलेली दिसतात. अक्षरे भज्यावर आली याचा अर्थ शाई भज्यावर आली. छपाईच्या शाईत रंग असतात, खनिज तेले असतात, शिशासारखे जड धातूही असू शकतात. गरम तेल ही शाई कागदातून ओढून घेते. शिवाय ती रद्दी किती हातांतून, किती कोपऱ्यांतून फिरून आली, याचा हिशेब नाहीच.

आपल्या देशात अन्नाची देखरेख करणारे एक सरकारी प्राधिकरण आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण असे त्याचे नाव. या प्राधिकरणाने २०१६ साली सूचना काढली की वर्तमानपत्रात अन्न बांधू नये. पुढे २०१८ साली नियमच केला. तरी लोक बांधतातच, म्हणून २०२३ साली पुन्हा बजावले. तेव्हा दुकानदाराला "रद्दीत नको" असे सांगण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. तुम्ही कायद्याचेच बोलत आहात.

एका वेळी चार भजी खाल्ली म्हणून कुणी मरत नाही. उगाच भीती घालणे आम्हांला पसंत नाही. पण शिसे अंगात साठत जाते. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलांना ते जास्त बाधते, मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम होतो. म्हणून रोजची सवय वाईट. घरून डबा नेला तर उत्तम. नाही तर केळीचे पान आहे, पळसाचा द्रोण आहे. मात्र हल्ली बाजारात मिळणारे द्रोण आणि पत्रावळी नीट पाहून घ्याव्यात. वरून पान किंवा कागद, आणि आतून चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा, असेही मिळते.

चहाचेही तसेच आहे. शेतावर माणसे कामाला असली की हॉटेलातून चहा मागवतात. तो पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत येतो. उकळता चहा, आणि त्याला अशी पिशवी! कागदी कप त्यापेक्षा बरा, असे पुष्कळांना वाटते. पण कागदात चहा टिकेल कसा? कागद भिजून जाईल. म्हणून कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. खरगपूर येथील आयआयटी या संस्थेतील संशोधकांनी २०२० साली एक प्रयोग केला. कागदी कपात ८५ ते ९० अंश तापलेले १०० मिलिलिटर पाणी ओतले आणि पंधरा मिनिटे ठेवले. तेवढ्या वेळात त्या पाण्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५ हजार बारीक कण उतरले. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ते शरीरात जाऊन काय करतात, याचा शोध जगभर चालू आहे. शोध पुरा होईपर्यंत आपण थांबावे कशाला? किटलीत चहा आणावा आणि स्टीलच्या नाही तर काचेच्या पेल्यात प्यावा. पेला विसळायला किती वेळ लागतो?

तान्ह्या मुलांच्या दुधाच्या बाटलीविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. पूर्वी या बाटल्या एका कडक, पारदर्शक प्लॅस्टिकच्या असत. त्यातून बिस्फेनॉल ए नावाचे द्रव्य दुधात उतरते, असे आढळले. युरोपातील देशांनी २०११ साली तसल्या बाटल्या बंद केल्या. आपल्या देशाच्या मानकातही आता ते प्लॅस्टिक चालत नाही. पण जुनी बाटली एका घरातून दुसऱ्या घरात जाते, बहिणीची बहिणीला मिळते. ती घेऊ नये. खरे म्हणजे बाटलीच नको. आईचे दूध आहे तोवर तेच, आणि नंतर वाटी-चमचा. बाटलीच्या बोंडात जंतू राहतात ते वेगळेच.

एवढे ऐकून कुणी म्हणेल, मग जुनेच बरे होते, सुटे घ्यावे, बांधलेले घेऊच नये. तसेही नाही. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या सुट्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळलेले निघाले. ते खाऊन हजारो माणसांच्या अंगावर सूज आली. साठाहून अधिक माणसे मेली. त्यानंतर सरकारने तेल सीलबंद करून विकण्याचा हुकूम काढला. सीलबंद पिशवीने भेसळ रोखली, जीव वाचवले. तेव्हा डबा हा शत्रू नव्हे. जो डबा ज्या कामासाठी केला, त्या कामाला तो चांगला.

आता त्या बिहारातल्या गोष्टीकडे येऊ. ती सांगताना आम्हांला जड जाते, कारण आम्हीही आयुष्यभर शाळाच चालवली.

बिहार राज्यात सारण जिल्हा आहे. त्या जिल्ह्यात गंडामन नावाचे खेडे आहे. १६ जुलै २०१३ रोजी तेथील प्राथमिक शाळेत मुलांना दुपारचे जेवण वाढले. भात होता आणि सोयाबीन-बटाट्याची भाजी होती. शाळेतले जेवण म्हणजे गरिबाच्या पोरांना केवढा आधार! पोरे आनंदाने जेवायला बसली. थोड्याच वेळात पोटात कळा सुरू झाल्या. ओकाऱ्या, जुलाब. मुले भराभर आडवी पडू लागली. स्वयंपाक करणाऱ्या बाईंनीही ते जेवण खाल्ले होते, त्याही आजारी पडल्या. तेवीस मुले दगावली.

तपासणी झाली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडले. कापसावर, भातावर मारायचे हे कीटकनाशक. आपल्याकडच्या कापूसवाल्यांना त्याचे नाव चांगले माहीत आहे. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ सालापासून बंदी आहे, इतके ते जहाल. तेलात ते आले कुठून? कीटकनाशकाचा रिकामा डबा होता, त्यात ते तेल ठेवले होते, असे तपासात पुढे आले. तेलाचा वास बरा येत नाही, असे स्वयंपाकीणबाईंनी आधी सांगितले होते, अशी बातमी होती. त्यांचे ऐकले गेले नाही. २०१६ साली न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा दिली. शिक्षा झाली, पण मुले गेली ती गेली.

शाळेतले जेवण मुलांना वाढण्यापूर्वी मोठ्या माणसांनी, त्यात निदान एका शिक्षकाने, ते चाखून पाहिले पाहिजे, असा नियम आहे. आपल्या गावच्या शाळेत तो पाळला जातो का, हे पालकांनी विचारावे. शिक्षकाला राग येईल म्हणून भिऊ नये. चांगल्या शिक्षकाला राग येत नाही.

आम्ही ही हकीकत साक्षरतेच्या वर्गात सांगितली, तेव्हा वर्ग गप्प झाला. मग एक शेतकरी म्हणाले, "गुरुजी, आम्ही बी औषधाचा डबा ठेवतो. पन धुऊन ठेवतो. राखेनं घासतो, उन्हात वाळवतो."

आम्ही विचारले, "वास जातो?"

"जातो की. चार दिवसांनी काय बी वास येत नाही."

तेव्हा एक बाई मागून बोलल्या, "वास गेला म्हंजी औषध गेलं का? माझ्या पिलॅस्टिकच्या डब्यात एकदा आमटी ठेवली होती. डबा पिवळा झाला तो आजतागायत पिवळाच हाय."

त्या बाईंनी आमचे काम हलके केले. अगदी तसेच असते. प्लॅस्टिक वरून गुळगुळीत आणि भरीव दिसते, पण तेलात विरघळणारी वस्तू त्यात मुरते. हळद मुरलेली दिसते, कारण तिला रंग आहे. औषध मुरलेले दिसत नाही. राखेने वरचा भाग निघतो, आतले आतच राहते. मग त्या डब्यात गोडे तेल भरले की तेल त्या औषधाला हळूहळू बाहेर ओढते. आज थोडे, उद्या थोडे. पत्र्याच्या डब्याच्या सांध्यांत आणि काठाच्या दुमडीतही औषध अडकून राहते. म्हणून औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, दूध, पाणी, धान्य, बियाणे, मीठ काहीही ठेवू नये. गुरांचे पाणीसुद्धा ठेवू नये. संडासला न्यायचा डबा म्हणूनही नको. लहान पोर त्यात हात घालते आणि हात तोंडात घालते.

औषधाचा डबा ओळखावा कसा? त्यावर एक चौकोन छापलेला असतो, पतंगासारखा टोकावर उभा केलेला. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग भरलेला असतो. लाल रंग असेल तर औषध सर्वांत जहाल, त्यावर कवटी आणि हाडांचे चित्रही असते. पिवळा त्याच्या खालोखाल. मग निळा. मग हिरवा. आता पुष्कळांना वाटते, हिरवा म्हणजे निर्धोक, झाडपाल्याचे औषध. तसे नाही. हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात कमी विषारी. विषारीच. वाचता येत नव्हते तेव्हाही हा रंग डोळ्यांना दिसत होता. आता तर आपल्याला अक्षरेही वाचता येतात. बाजूला बारीक टाइपात काय लिहिले आहे, ते एकदा सावकाश बसून वाचावे.

फवारणी झाली की रिकाम्या डब्यात थोडे पाणी घालून तो चांगला खळबळावा आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. म्हणजे औषधही वाया जात नाही आणि ओढ्यातही जात नाही. मग डब्याला खिळ्याने भोके पाडावीत. भोके का? कारण भोकाचा डबा कुणी उचलून नेत नाही. चांगला डबा बांधावर टाकला तर वाटसरू नेतो, भंगारवाला नेतो, आणि तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन बसतो. जाळूही नये. धूर विषारी असतो.

औषधाचा नसला तरी दुसऱ्या कशाचा असेल, असेही डबे घरात फार. भिंतीच्या रंगाच्या वीस लिटरच्या बादल्या तर घरोघर दिसतात. बाजारात मोठी निळी पिंपे स्वस्तात मिळतात. ती कारखान्यातून आलेली असतात. आत आधी काय होते, विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा पिंपात पिण्याचे पाणी भरू नये. नवे प्लॅस्टिक घ्यायचे तर त्यावर पेला आणि काटा-चमचा असे चित्र आहे का ते पाहावे. त्याचा अर्थ, हे अन्नासाठी केलेले आहे. तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो, १ ते ७. तो नुसता प्लॅस्टिकची जात सांगतो. पाण्याच्या विकतच्या बाटलीवर बहुधा १ असतो. ती बाटली एकदा वापरण्यासाठी केलेली असते. आपण ती वर्षभर वापरतो, गाडीत उन्हात टाकतो, तिच्यात गरम पाणीही भरतो. तसे करू नये. रानात न्यायला मातीचा केळा किंवा स्टीलची बाटली बरी. केळ्यात पाणी गारही राहते, ते प्लॅस्टिकला कुठले जमायला!

याच्या उलट प्रकारही घडतो, आणि तो याहून वाईट. शेजाऱ्याकडून थोडे औषध मागून आणायचे असते. मग सरबताच्या नाही तर थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ते ओतून आणतात आणि कोनाड्यात ठेवतात. फरशी धुण्याचे ॲसिडही असेच ठेवलेले असते. लहान मूल ती बाटली पाहते. त्याला बाटली ओळखीची असते. ते उचलते आणि तोंडाला लावते. औषध त्याच्या मूळ डब्यातच ठेवावे, मुलांच्या हाताला न लागेल असे कुलपात ठेवावे. थोडेच हवे असेल तर लहान सीलबंद बाटली विकत आणावी. शेजाऱ्याकडे मागू नये आणि कुणी मागितले तर देऊ नये. यात शेजारधर्म मोडत नाही.

आणि समजा कुणाच्या पोटात गेलेच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नये. ॲसिड वर येताना घसा पुन्हा जाळते, आणि बेशुद्ध माणसाच्या ओकारीने श्वास कोंडतो. देवऋष्याकडेही नेऊ नये. १०८ क्रमांकाला फोन करावा, ती गाडी फुकट येते. गाडीला उशीर असेल तर मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा. अंगावर औषध सांडले असेल तर कपडे काढून अंग साबणाने धुवावे. आणि निघताना तो डबा बरोबर घ्यावा. झाकण घट्ट लावून, पिशवीत घालून न्यावा. डब्यावरचे नाव वाचले की कोणते औषध सुरू करायचे ते डॉक्टरांना लगेच कळते.